चेतन धकातेचं नाक

रविवारी दुपारची जेवणं आटोपली की चंद्रकलाबाई नातीला घेऊन समोरच्या खोलीत आडव्या व्हायच्या आणि स्वयंपाकघराचं दार आतून लोटलं जायचं. आत त्यांचा मुलगा चेतन ओट्याशी उभा राहून लिंबं कापायचा. सून रोशनी ओढणी कमरेला बांधून स्टुलावर बसायची, तोंडी परीक्षेला नंबर लागायचा असावा तशी. तांडापेठेतल्या त्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. आता दर रविवारी येत होता, आणि येऊन सुनेच्या जिभेवर पडत होता.

“झालं का वं तुमचं ते काय पीर?” चंद्रकलाबाई बाहेरून विचारायच्या.

“कैपिरिन्या, आई.”

“हो बाप्पा, तेच. कोणता पीर हाय कोण जाणे. लवकर आटपा, काजल उठली तर आत येईन ते.”

चेतन हसायचा नाही. लिंबाची दोन्ही टोकं उडवायचा, लिंबू उभं चिरायचा, मधली पांढरी दोरी सुरीच्या टोकानं अलगद काढून टाकायचा. फोडी जाड बुडाच्या ग्लासात, वर दोन चमचे साखर. मग लाकडी दांडा घेऊन फोडी दाबायचा. कुटायचा नाही, दाबायचा, आणि दाबता दाबता मनगट थोडं फिरवायचा. फडक्यात बांधून फोडलेला बर्फ वर, त्यावर पांढरी रम. एकदा खालून वर ढवळून ग्लास रोशनीपुढे धरायचा.

“सांग.”

रोशनी आधी वास घ्यायची, मग नळीनं एक घोट. डोळे मिटून बसायची. चेतन तिच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा.

चेतनचे वडील ताराचंद हातमागावर पातळं विणायचे. मागाचा खड्डा घराच्या समोरच्याच खोलीत होता. चेतन शाळेत असताना तो बुजवून वर फरशी बसवली, आणि वडील इतवारीत कापडाच्या गोदामात गाठोडी उचलायला जाऊ लागले. तिथंच एक दिवस बसल्या जागी गेले. चेतननं हॉटेलचा कोर्स केला, गोव्यात दोन सीझन काढले आणि मग प्रवासी जहाजावर बारमध्ये लागला. चंद्रकलाबाई गल्लीत सांगायच्या, पोरगा जहाजावर सरबताच्या खात्यात हाय.

जहाजावर ज्वाव नावाचा एक म्हातारा ब्राझिलियन त्याचा उस्ताद. कैपिरिन्या त्यानं शिकवली. लिंबू, साखर, बर्फ आणि उसाच्या रसाची त्यांच्याकडची दारू, त्यात पाचवी वस्तू नाही. ज्वाव म्हणायचा, रस तर कोणीही काढतो, खरं लिंबू सालीत आहे. सालीतलं तेल सुटलं पाहिजे आणि आतल्या पांढऱ्या भागाचा कडूपणा सुटता कामा नये, आणि या दोन गोष्टी घडतात एकाच दाबात. किती दाबायचं हे हात सांगत नाही, नाक सांगतं. ग्लासावर वाकलं की एका क्षणी हिरवा, तिखट वास उठतो. तिथं थांबायचं.

चेतनला तो क्षण बरोबर सापडायचा. त्याचं नाकच तसं होतं. लहानपणी सुताच्या गुंडीचा वास घेऊन तो वडिलांना सांगायचा, याले बुरशी धरून राहिली. जहाजावर दूध नासायच्या आदल्या दिवशी त्याला कळायचं. सहा-सात वर्षं गेली, दोन बढत्या मिळाल्या, लग्न झालं, काजल झाली.

मग एका सुट्टीत, जरीपटक्याच्या बाजारातून भाजी घेऊन येताना, ई-रिक्षा अचानक वळली आणि चेतनची मोटरसायकल घसरली. हेल्मेट होतं, पट्टा लावलेला नव्हता. हेल्मेट एकीकडे गेलं आणि डोकं मागून दुभाजकावर आपटलं. टाके पडले, दोन रात्री दवाखान्यात काढून तो घरी आला. सगळे म्हणाले, देवानं वाचवलं.

आठवडाभरानं चंद्रकलाबाईंनी मिरच्यांची फोडणी दिली. घरभर ठसका उठला. चेतनही खोकला, डोळ्यांतून पाणी आलं. पण वास आला नाही. तो उठून कढईवर वाकला. मग मसाल्याचा डबा उघडला. हिंग, जिरे, धने. मग न्हाणीघरात जाऊन साबण नाकाला लावला, रॉकेलच्या जुन्या कॅनचं झाकण काढलं. कुठंच काही नव्हतं. वस्तू दिसत होत्या, हाताला लागत होत्या, पण सगळ्या काचेच्या पलीकडे ठेवल्यासारख्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की, डोक्याला हिसका बसला तेव्हा नाकाच्या मुळाशी असलेले बारीक तंतू तुटले. परत जुळले तर वर्षभरात जुळतील. नाही तर नाही. औषध असं काही नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू कळेल, बाकी चव म्हणतो ती नाकाची असते, ती गेली.

“बाकी म्हणजे?” रोशनीनं विचारलं.

“बाकी म्हणजे सगळंच,” डॉक्टर म्हणाले.

चेतननं कंपनीला कळवलं नाही. टाके सुकल्यावर जहाजावर परत गेला आणि मापानं, सवयीनं काम रेटू लागला. बरेच दिवस निभलंही. मग एका दुपारी त्यानं आंबून गेलेलं नारळाचं दूध घालून ग्लासांमागून ग्लास भरले. पाहुण्यांनी तोंडातलं परत ग्लासात टाकलं. त्याच्या वरिष्ठानं तो डबा त्याच्या नाकाखाली धरला आणि चेतन निर्विकार उभा राहिला, तेव्हा सगळं उघड झालं. पुढच्या बंदरावर त्याला उतरवलं. निरोप देताना ज्वावनं आपल्या गावाकडच्या दारूची एक बाटली त्याच्या बॅगेत ठेवली आणि बराच वेळ त्याचा हात सोडला नाही.

घरी आल्यावर वर्ष गेलं. मग आणखी एक गेलं. चेतननं लग्नाच्या पंगतीत वाढायचं काम केलं, मोबाइलच्या दुकानात बसला, काही दिवस डिलिव्हरी केली. कुठं जीव लागला नाही. अशात वर्धा रोडवर नवीन हॉटेल निघतंय आणि तिथं बारवर माणूस हवा आहे असं कळलं. त्याचा जहाजाचा अनुभव ऐकून तिथल्या मॅनेजरबाई, भैरवी मॅडम, फोनवरच खूश झाल्या. उद्घाटनाला वेळ होता, पुढच्या महिन्यात ये आणि हातचं काहीतरी पाज, म्हणाल्या.

रविवारचा उद्योग तेव्हापासून सुरू झाला. सगळं बसवून टाकायचं असं चेतननं ठरवलं होतं. कोणतं लिंबू, किती दाब, किती वेळ, सगळं इतकं पक्कं करायचं की नाकाचं काम पडू नये. पण बरोबर झालं की नाही हे सांगायला कुणीतरी हवं होतं. आईला विचारायची सोय नव्हती. राहिली रोशनी.

रोशनीला विचारणं सोपं नव्हतं. तिचा बाप लहानू हाही विणकर. माग बंद पडल्यावर तो मोहाच्या दारूला लागला आणि तिनंच गेला. बाप गल्लीच्या तोंडाशी असताना वाऱ्यावर वास यायचा आणि आठ वर्षांची रोशनी आईला सांगायची, आज जास्त हाय, भाकरी झाकून ठेव. लग्न ठरताना तिनं चेतनला एकच प्रश्न विचारला होता. तुम्ही विकता ते ठीक, पण पिता का? चेतन फक्त चाखायचा. त्यावर तिनं होकार दिला.

“दुसरं कोणी नाही मले,” चेतन म्हणाला. “एक घोट घ्यायचा, थुंकून टाकायचा. मले फक्त सांग काय लागते ते.”

रोशनीनं ओढणीचं टोक कमरेला खोचलं. मग म्हणाली, “आईले आधी सांगा. मागून कळलं तर मले बोलतीन.”

पहिल्या रविवारी घोट घेताच तिनं मोरीत थुंकलं आणि चूळ भरली. “कडू हाय. अन्‌ बाबाचा वास येते.” दुसऱ्या रविवारी कडूपणा कुठं आहे ते तिनं सांगितलं, घोटाच्या शेवटी, टाळूला. चेतननं दाब कमी केला. तिसऱ्या रविवारी लिंबं बदलली. आपली पातळ सालीची पिवळी लिंबं चालेनात, तेव्हा तो हिरवी, घट्ट सालीची निवडून आणू लागला. रोशनीकडे या कामाचे शब्द नव्हते, मग ती स्वतःचे वापरायची. हे बघा, आता लिंबूच्या झाडाखाली पानं चुरगाळल्यावानी येऊन राहिलं. आता साखर पुढं अन्‌ लिंबू मागं. आता सारखे चालून राहिले दोघंही.

आणि मग एका रविवारी तिनं घोट घेतला, डोळे मिटले आणि काहीच बोलली नाही. थुंकलीही नाही.

“काय झालं?”

“चांगलं झालं,” ती म्हणाली. “खूप चांगलं झालं.”

चेतननं आनंदानं ओट्यावर हात आपटला. लग्नानंतर इतक्या वर्षांनी ती दोघं एका कामाला जुंपलेली होती, आणि त्याच्या हातून काहीतरी नीट झालं होतं. ज्वावनं दिलेली बाटली त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा उघडली. खरी चीज काय असते ते तुले कळलं पाहिजे, म्हणाला. रोशनीनं तो ग्लास अर्धा केला. गवत कापल्यावर येते तसा वास हाय, म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. चेतन ग्लासावर वाकून बघत राहिला, आणि त्याला थंड, गोड, आंबट आणि थोडं जळजळतं पाणी याखेरीज काही मिळालं नाही.

पुढच्या रविवारी ती स्टुलावर बसली नाही. दाराशीच उभी राहिली.

“मी नाही घेत आता.”

“काहून वं? आईनं काही म्हटलं?”

“आई काही नाही बोलल्या.” तिनं दाराची कडी धरली होती. “गुरुवारी मी कणीक मळून राहिली होती, अन्‌ मनात आलं, रविवार कधी येते. मंग तुम्ही बाहेर गेले त काल मी ती बाटली काढली. पेली नाही. नुसता वास घेतला. दोनदा घेतला.” ती थांबली. “मले आवडून राहिलं ते. मी लहानूची पोरगी हाय. मले भेव लागते.”

“बस एक डाव. मंगळवारी जायचं हाय मले तिथं.”

“मले म्हणू नका तुम्ही,” रोशनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. लिंबं चिरून झाली होती. त्यानं ती सरबताला दिली.

मंगळवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून हॉटेलात गेला. भैरवी मॅडम चाळिशीच्या, साध्या बोलणाऱ्या बाई होत्या. बारवर अजून प्लास्टिकचे कागद होते. तळाशी थोडीच रम उरलेली बाटली त्यांनी स्वतः त्याच्या हातात दिली. ब्राझीलची दारू इथं नाही, याच्यात कर म्हणाल्या. चेतननं लिंबं बोटांनी दाबून निवडली, मनात आकडे मोजत दाबली, ग्लास पुढं केला. मॅडमनी एक घोट घेतला, मग दुसरा.

“अरे, मस्तच! असं मी मुंबईतही प्यायले नाही. आमच्या साहेबांसाठी एक बनव, ते येतच आहेत. बघ तिकडे, त्या दोन काचेच्या सुरया आहेत ना, एकीत तीच रम ओतून ठेवली आहे. ती घे.”

दोन्ही सुरया सारख्या होत्या. दोन्हींत पाण्यासारखी स्वच्छ दारू. पोरांनी अजून चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या. कुणी त्याची परीक्षा घेत नव्हतं, बाई दुसरीकडे बघत होत्या. चेतननं एक सुरई उचलली आणि जुन्या सवयीनं नाकाशी नेली. थांबला. खाली ठेवली. दुसरी उचलली. बोटावर थेंब घेऊन जिभेला लावला, दोन्ही सारख्याच झोंबल्या. विचारावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं. ही कोणती, मॅडम, एवढं विचारलं असतं तर भागलं असतं. पण बारवाल्यानं रम ओळखायची नाही तर कुणी, या विचारानं जीभ रेटेना. त्यानं डावीकडची सुरई घेतली.

साहेब आले, त्यांनी घोट घेतला आणि मॅडमकडे बघितलं. मॅडमनी ग्लास नाकाशी नेला.

“चेतन, ही जिन आहे.”

“हो मॅडम.”

“हो काय? उघडल्याबरोबर कळतं की. सर्दी आहे का तुला?”

सर्दी आहे म्हणता आलं असतं. चेतनला नारळाचं दूध आठवलं. “नाही मॅडम. मले वास येत नाही,” तो म्हणाला. “कशाचाच.” आणि उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगून टाकलं. साहेब मध्येच फोन घेऊन निघून गेले. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांना खरंच वाईट वाटलं हे चेतनला दिसत होतं.

“बारवर नाही ठेवता येणार रे,” त्या म्हणाल्या. “उद्या काही खराब गेलं तर तूही जाशील आणि मीही जाईन.”

“समजते मॅडम.”

“पण पहिला ग्लास फार छान होता.”

घरी येऊन त्यानं एवढंच सांगितलं की झालं नाही. रोशनीनं ताट वाढलं. मी चाखलं असतं शेवटच्या डावाला, तर झालं असतं का, असं तिनं विचारलं. तो नाही म्हणाला, आणि ते खरं होतं. तरी झोपताना तिनं पुन्हा तेच विचारलं.

गल्लीत सावनेरकडचे रुपराव भाड्यानं राहायचे. कळमेश्वरच्या एमआयडीसीत ट्रक भरायच्या कामावर होते. महिन्याभरानं ते चंद्रकलाबाईंकडे चहाला बसले असताना त्यांनीच विषय काढला. तिकडे एका कारखान्यात हाडं, खुरं, कोंबड्यांची घाण असलं सगळं येतं, ते शिजवून वाळवून त्याचा चुरा करतात. पगार वेळेवर होतो, पण माणूस टिकत नाही.

“काहून टिकत नाही?” चेतननं विचारलं.

“वासानं गा! पहिल्याच दिवशी ओकतेत पोट्टे. दुपारच्या डब्याले राहत नाहीत.” रुपराव हसले आणि एकदम थांबले. “अरे, तुले त येतच नाही ना वास.”

चंद्रकलाबाईंनी रिकामे कप उचलले. पुढल्या सोमवारी चेतन रुपरावांबरोबर कळमेश्वरच्या बसमध्ये बसला.

शेडचा मुकादम मारोतराव तोंडाला दुहेरी फडकं बांधून फिरायचा. चेतनबरोबर लागलेल्या दोघांपैकी एक दहा मिनिटांत भिंतीशी जाऊन वाकला, दुसरा दुपारी परत आला नाही. चेतन उघड्या तोंडानं कढईपाशी उभा राहिला. डोळे झोंबत होते, घसा खवखवत होता, बस. जेवायच्या सुट्टीत सगळे फाटकाबाहेर झाडाखाली गेले. ऊन फार होतं, म्हणून चेतननं शेडच्या सावलीतच डबा उघडला. बाहेर जाणाऱ्यांचे फडक्याच्या वर दिसणारे डोळे त्याच्याकडे बघत होते. भाजी कशाची आहे ते त्यानं बघून ओळखलं, वांग्याची होती.

वास आपल्याबरोबर घरी येतो हे त्याला पहिल्या आठवड्यात बसमध्ये कळलं. शेजारची बाई उठून पुढं गेली, मग मागची दोन माणसं. घरी चंद्रकलाबाईंनी अंगणात बादली भरून ठेवायला सुरुवात केली. कपडे वेगळे भिजायचे. तो दोन-दोन साबण लावायचा, नखं दगडानं घासायचा, लिंबाची पिळलेली सालं कोपरापर्यंत चोळायचा.

“येते का अजून?” तो रोशनीला विचारायचा.

“नाही येत.”

ती नाही म्हणायची तेव्हा तोंडानं श्वास घेत असायची, हे त्याच्या लवकरच लक्षात आलं. पण स्वतःचा हात नाकाशी नेऊन खरं-खोटं करायची सोय त्याला नव्हती. काजल लहान होती, तिला खोटं बोलायचं सुचायचं नाही. बाबा आला की ती आजीच्या मागे जायची आणि तिथूनच दिवसभराचं सांगायची. चेतन उंबऱ्याशी बसून ऐकायचा.

एका रविवारी दुपारी त्यानं ओट्याखालच्या कप्प्यातून ज्वावची बाटली काढली. अर्धी उरली होती. रोशनी अंगणात कपडे वाळत घालत होती. त्यानं बूच काढलं आणि बाटली मोरीत उलटी केली. थेंब संपायच्या आत ती दारात आली, हातात ओला टॉवेल तसाच.

“टाकली?”

“हो.”

“सगळी?”

“सगळी. आता तुले भेव नाही.”

ती मोरीकडे बघत उभी राहिली. तिची छाती वरखाली होत होती, आणि ती नाकानं श्वास घेत होती, लांब, सावकाश. चेतननं पाणी ओतायला बादली उचलली.

“राहू द्या जरासं,” ती म्हणाली.

तो बादली धरून उभा राहिला. काही वेळानं तिनं स्वतःच बादली घेतली, मोरी धुतली आणि अंगणात निघून गेली.

दिवाळीच्या आधी मारोतरावनं त्याला बोलावलं. नवीन लागलेली चार पोरं फाटकाशी उभी होती, नाकाला रुमाल दाबून. मारोतरावनं चेतनच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना सांगितलं, हे पाहा, याले म्हणतेत माणूस, एक दिवस याची तक्रार नाही. मग चेतनकडे वळला.

“मालक खूश हाय तुझ्यावर. तुले पक्कं करून राहिले. आता रिटायर होईस्तोवर फिकीर नाही तुले.”

“बरं,” चेतन म्हणाला.

संध्याकाळच्या बसला गर्दी होती. तो चढला तशी दाराजवळची माणसं आत सरकली. कंडक्टर भला माणूस, त्यानं तिकीट फाडून दिलं आणि हळूच म्हणाला, “भाऊ, तुम्ही दारापाशीच उभे राहा न. हवा लागते तिथं.” चेतननं मान हलवली आणि दांडा धरला. बस कळमेश्वरच्या बाहेर पडली. बाजूच्या शेतात कुणीतरी काहीतरी जाळत होतं, धूर रस्त्यावर आला होता. लोक भराभर खिडक्या लावू लागले. चेतन उघड्या दारात तसाच उभा होता.